जमिनीतला कर्ब विकावा काय?

मागील गळीत हंगामाच्या अखेरीस वाळवे तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावी आमचा मुक्काम होता. सायंकाळची उपासना आटोपून मंडळी घरोघर गेल्यावर एक वृद्ध शेतकरी मागे राहिले. गावात त्यांस लहानथोर आबा म्हणतात. आम्हीही येथे तेच म्हणू. आबांची तीन एकर काळी जमीन आहे आणि बांधापलीकडे त्यांच्या धाकट्या बंधूंची तेवढीच. दोन्ही रानांत ऊसच. आबांनी गेली पंधरा वर्षे ऊस तुटून गेल्यावर पाचटास काडी लावलेली नाही. ते पाचट सरीत दाबतात, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजविणारे जिवाणू टाकतात आणि तसाच खोडवा राखतात. बंधू मात्र दर साली पाचट पेटवीत आले. एका सांजेत रान मोकळे होते व पाणी पाजावयास सोपे जाते, हे त्यांचे कारण. आणि आसपासच्या बहुतेक गावांत कारण हेच आहे.

काही दिवसांपूर्वी एका संस्थेचा तरुण प्रतिनिधी त्या गावी येऊन गेला होता. जो शेतकरी पाचट जाळणे सोडील, नांगरट कमी करील आणि शेणखत व हिरवळीचे खत घालील, त्याच्या जमिनीत जेवढा कर्ब वाढेल तेवढ्याचे पैसे त्यास मिळतील, असे त्याने चावडीत सांगितले. बंधूंचे नाव त्याने लागलेच यादीत घातले. आबांस मात्र तो म्हणाला की, तुम्ही आधीपासूनच जाळीत नाही, तेव्हा तुमच्या रानात नवे असे काय घडणार? तुम्ही ह्या योजनेत बसत नाही.

हे सर्व सांगून आबांनी आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, दोन साल मीबी काडी लावतो आन् मग कागदावर सही करतो. ह्यात पाप हाय का?"

आम्हांस प्रथम हसू आले, आणि पाठोपाठ ते मावळले. त्या रात्री आमच्यापाशी नीट उत्तर नव्हते. पुढल्या खेपेस सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, आणि तो एकट्या आबांचा नसल्यामुळे त्याचा विचार येथे वाचकांसमोर करीत आहोत.

प्रथम हा व्यवहार काय आहे ते समजून घेतले पाहिजे. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेतात आणि त्यातील कर्बाने आपले खोड, पान व मूळ घडवितात. पाचट जाळले की तो कर्ब तासाभरात पुन्हा वायू होऊन जातो. पाचट मातीत कुजविले तरी त्यातील पुष्कळसा भाग काही महिन्यांत वायुरूपाने निघूनच जातो. परंतु थोडा अंश ह्यूमस होऊन मातीच्या कणांस चिकटून राहतो. मृदा आरोग्य पत्रिकेत 'सेंद्रिय कर्ब' म्हणून जो आकडा असतो तो ह्याचाच. तो अर्ध्या टक्क्याखाली असला तर कमी समजतात व पाऊण टक्क्यावर असला तर उत्तम. आणि आपल्या उष्ण देशात तो वाढविणे कठीण, कारण उन्हाने तापलेल्या जमिनीत कुजणे थांबतच नाही. ज्या जमिनीत हा कर्ब अधिक, ती भुसभुशीत राहते, पाणी धरून ठेवते व घातलेले खत वाहून जाऊ देत नाही. उसाच्या पाचटात शेकडा ३२ ते ४० भाग कर्ब असतो, शिवाय नत्र, स्फुरद व पालाशही असते. म्हणजे पाचट जाळणारा आपलेच खत जाळतो.

ह्यावर बाजार उभा राहिला तो असा. १९९७ च्या क्योटो करारान्वये श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करावयाचा होता. आणि तो स्वतःच्या घरी कमी करणे महाग पडेल, तर गरीब देशांत कोणी कमी केलेला धूर विकत घेऊन आपल्या हिशेबी धरावा, अशी मुभा ठेवण्यात आली. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जावयाचा राहिला किंवा हवेतून काढला गेला, तर त्याचे एक कार्बन क्रेडिट. पुढे करारांच्या बाहेर, कंपन्यांच्या स्वेच्छेवर चालणारा असाच एक बाजार वाढला. आपल्या देशात २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिटांच्या खरेदीविक्रीची योजना सरकारने जाहीर केली, आणि २०२४ च्या जानेवारीत केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतकऱ्यांस स्वेच्छेच्या बाजारात उतरता यावे म्हणून एक आराखडा प्रसिद्ध केला. केनियाच्या पश्चिम भागातील लहान शेतकऱ्यांस तर मातीतील कर्बाची क्रेडिटे २०१४ सालीच मिळाली होती. तेव्हा चावडीत बोलणारा तो तरुण काही हवेतल्या गोष्टी सांगत नव्हता. (निदान दुसऱ्या अर्थाने तरी नव्हता.)

आता पैशाचा हिशेब करू, कारण गावोगाव ह्याविषयी फुगवून बोलले जाते. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे नऊशे टन भरते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यावरून ०.६ टक्क्यावर गेला, तर वाढ झाली नऊशे किलो कर्बाची. एक टन कर्बापासून सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे ही वाढ सव्वातीन क्रेडिटांच्या आसपास जाते. ह्या ०.१ टक्क्यास एक वर्ष पुरत नाही. नेटाने केले तरी कित्येक वर्षे लागतात. क्रेडिटाचा भाव एकसारखा नसतो. केवळ हिशेबापुरता तो हजार रुपये धरला, तर इतक्या वर्षांचे मिळून एकरी सव्वातीन हजार रुपये झाले, आणि त्यांतून मोजणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा व मध्यस्थाचा वाटा जावयाचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने ठरविलेला उसाचा दर, १०.२५ टक्के उताऱ्यास, टनास ३,५५० रुपये होता. तेव्हा एकरी पन्नास टन ऊस काढणाऱ्या शेतकऱ्यास ह्या सर्व उद्योगातून एका टनाचीही किंमत धड सुटत नाही. त्याला खरा लाभ होतो तो मऊ झालेल्या जमिनीचा व वाचलेल्या खतापाण्याचा, आणि तो मिळविण्यास कोणाच्या सहीची गरज नाही.

मग आबांस इतके वाईट का वाटावे? सव्वातीन हजारांसाठी नव्हे. जो जाळीत होता त्याचे नाव यादीत आले आणि ज्याने राखले त्यास तुमचे काम नाही म्हणून सांगण्यात आले, हे त्यांस बोचले. आणि ते बोचणे आम्हांस रास्त वाटते.

तथापि तो नियम निव्वळ मूर्खपणाचा आहे असे म्हणता येत नाही. समजा, आबांस पंधरा वर्षांपूर्वी राखलेल्या कर्बाचे क्रेडिट दिले, आणि ते दूरच्या एखाद्या सिमेंटच्या कारखान्याने विकत घेऊन, एवढा धूर आम्ही सोडला तरी चालेल, असे म्हटले. आबांचा कर्ब तर मातीत आधीच होता. हवेतून नवे काहीच गेले नाही आणि धूर मात्र नवा आला. म्हणून, पैशावाचून घडले नसते तेच मोजावे, असा हा दंडक आहे. तो ढिला पडला म्हणजे काय होते ह्याचा बोभाटा नुकताच झाला. २०२३ च्या जानेवारीत इंग्लंडच्या 'गार्डियन' व जर्मनीच्या 'डी त्साइट' ह्या पत्रांनी असे प्रसिद्ध केले की, उष्ण प्रदेशातील अरण्ये राखल्याबद्दल दिलेल्या क्रेडिटांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पोकळ असावीत. ती अरण्ये एरवीही तुटणार नव्हती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने हा आरोप नाकारला, परंतु बाजाराची पत त्यामुळे पुष्कळच खालावली.

तेव्हा गाठ आहे ती येथे. गावात सर्वांनी क्रेडिटास बक्षीस समजले आहे. चांगली शेती केली म्हणून मिळालेली शाबासकी. तो तरुणही तसेच बोलला असावा. पण क्रेडिट हे बक्षीस नव्हे, ती विक्री आहे. बक्षीस द्यावयाचे तर ते आबांस आधी मिळाले पाहिजे. विक्रीत मात्र विकणाऱ्याच्या गुणाचा प्रश्न येत नाही. गिऱ्हाईकास काय नवे मिळते एवढेच पाहिले जाते. ज्या शब्दाने मान मिळावयाचा त्याच शब्दाने माल विकला जाऊ लागला, आणि आबांसारखा माणूस दुखावला गेला.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील वडील भावाविषयी आम्ही आजवर अनेकदा उपदेश केला आहे, आणि बहुधा त्या भावास झोडपूनच. आबांचे बोलणे ऐकल्यावर त्याची बाजू आम्हांस अधिक कळली. इतकी वर्षे तो रानात राबला, आणि वाजंत्री लागली ती दुसऱ्यासाठी. पण त्या दाखल्यातील बाप घराबाहेर येऊन वडील मुलाची समजूत घालतो आणि जे काही माझे ते तुझेच आहे असे त्यास सांगतो. येथे कोणी बाहेर आले नाही. आबांची जमीन आबांचीच आहे, तिचा गुण त्यांस मिळतोच आहे, हे खरे. परंतु दरमहा वेतन घेणाऱ्या आमच्यासारख्याने कर्ज काढून खोडव्यास खत घालणाऱ्यास समाधानाचे धडे द्यावेत, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्यांनी कोणी सांगण्यापूर्वीच जमीन राखली त्यांस सरकारने सरळ सरकारी तिजोरीतून, कोणाच्या धुराशी हिशेब न जोडता, काही द्यावे. ते खरेखुरे बक्षीस होईल, आणि ते देणे आहे असे आमचे मत आहे.

आता काडी लावण्याच्या प्रश्नाकडे वळू. दोन साल जाळून मग सही करणे म्हणजे आपल्या हाताने कणगी रिकामी करून ती भरल्याची मजुरी मागणे. पंधरा वर्षांचा साठा दोन वर्षांत पुरता जाणार नाही. पण जेवढा जाईल तेवढाच परत आणून 'नवा' म्हणून विकला जाईल, आणि त्याच्या भरवशावर कोणीतरी खरोखरीचा धूर सोडील. ही फसवणूक आहे. मागील काही वर्षांत शेतात काय केले हे अशा योजनांत तपासतात व शेतातली आग उपग्रहास दिसते, म्हणून ती बहुधा उघडकीसही येईल. ती उघडकीस येणार नसती तरी आमचे उत्तर बदलले नसते.

पण आबांच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न आहे, आणि तो बंधूंचा आहे. त्यांनी तरी सही करावी काय? आमच्या परिचयातील काही सज्जन असे म्हणतात की हा सारा व्यवहारच अमंगळ आहे. विटेनबर्गच्या लूथरने १५१७ साली ज्या क्षमापत्रांविरुद्ध लेखणी उचलली त्यांचाच हा नवा अवतार. श्रीमंताने पाप करावे आणि पैसे टाकून मोकळे व्हावे. ही तुलना पुष्कळ अंशी लागू पडते. घेणाऱ्याच्या बाबतीत ती खरी आहे. ज्यास आपला धूर कमी करता येतो आणि तरी जो क्रेडिट घेऊन स्वस्थ बसतो, त्याने आपले मन विकत घेतले. पण विकणाऱ्याच्या बाबतीत ती लंगडी पडते. क्षमापत्र विकणाऱ्यापाशी देण्यासारखे काहीच नव्हते. बंधूंनी पाचट राखले तर मातीत खरोखर काही राहते, आणि फाल्गुनात गावभर पसरणारा तो काळा धूर, ज्याने लेकरे रात्र रात्र खोकतात, तेवढा तरी थांबतो. पैशासाठी का होईना, तो थांबला तर आम्हांस आनंदच आहे. सर्वांचे हेतू शुद्ध होईपर्यंत पाचट जळत राहावे, असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र बंधू जे विकावयास निघाले आहेत ते पाचट नव्हे. ते एक वचन आहे. आणि वचनाविषयी आम्हांस अधिक भीती वाटते. मातीतला कर्ब पेवातल्या जोंधळ्यासारखा आहे. पेव उघडले की गेला. चार वर्षे राखून पाचव्या वर्षी हळद केली आणि ती काढताना रान खणले, खोल नांगरट दिली, की साठविलेल्यातला बराच भाग पुन्हा हवेत. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेत मातीत कर्ब राखण्याची मुदत २५ किंवा १०० वर्षांची ठेवली आहे. शंभर वर्षांची सही! आमच्याकडील कागदांत मुदत ह्याहून पुष्कळ कमी असते. पण मुदत संपल्यावर त्या कर्बाचे काय, ह्याविषयी चावडीत कोणी चकार शब्द काढीत नाही. धूर मात्र कायमचा सोडला गेलेला असतो.

एकाची मेहनत दुसऱ्याच्या काळापर्यंत मातीत टिकते, हेही तितकेच खरे आहे. इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे सातूच्या एका तुकड्यास १८५२ पासून १८७१ पर्यंत दर वर्षी शेणखत घातले आणि पुढे बंद केले. दीडशे वर्षे उलटून गेली तरी कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्याहून त्याच्यात सेंद्रिय द्रव्य अधिक आहे. ज्या मजुरांनी ते खत ओढले त्यांची नातवंडेही आज नाहीत. असे देणे कोणी राजीखुशीने देतो तेव्हा ते सुंदर असते. पण बापाने पैसे घेऊन मुलाचा नांगर बांधून टाकावा, ही निराळी गोष्ट झाली. आणि कृष्णाकाठी तर मनुष्याच्या हातात सर्वच कोठे असते? २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात ज्यांनी आपला ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली पाहिला त्यांस हे सांगावयास नको. पुराने वरची माती धुवून नेली तर वचन मोडले कोणी? पुष्कळ योजनांत अशा प्रसंगासाठी काही क्रेडिटे राखून ठेवतात. आपल्या कागदात तशी सोय आहे की नुकसान शेतकऱ्याच्या माथी बसते, हे सहीपूर्वी वाचून घेतले पाहिजे.

दुसरी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा सुचली, ह्याची लाज वाटते. बंधूंचे रान बंधू कसतच नाहीत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे चार वर्षांपासून ते वाट्याने दिलेले आहे. कसणारा आमच्याच मंडळीतला, भूमिहीन घरचा. पाचट सरीत दाबावयाचे ते त्याने व त्याच्या बायकोने. पेटविले तर एका सांजेत होणारे काम न पेटविल्यास चार दिवस कमरेत वाकून करावयाचे, तेही त्यांनीच. पण सातबाऱ्यावर नाव बंधूंचे. कुळकायद्याच्या धाकाने वाट्याची बोली कोणी कागदावर आणीत नाही, म्हणून तो प्रतिनिधी ज्याच्याशी बोलला त्याच्या हिशेबी हा मनुष्य अस्तित्वातच नव्हता. हवेतला कर्ब कोणाच्याही मालकीचा नाही; तो मातीत आणणारे हात मालकाचे नाहीत; मग त्याची किंमत तेवढी मालकाची, हे कोणत्या न्यायाने?

ह्यास उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. ह्याच सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडी ह्या गावच्या लोकांनी १९८० नंतरच्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले. नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. ती आम्हीच मर्यादेने विकू आणि त्या पैशातून धरण उभारू, असा हक्क त्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साहाय्याने झगडून मिळविला. त्याहून मोठी गोष्ट अशी की, धरणाचे पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता घराप्रमाणे वाटावयाचे ठरले आणि त्यात भूमिहीनांसही वाटा धरला गेला. नदीची वाळू आणि मातीचा कर्ब ह्यांत अंतर पुष्कळ आहे. तरी जे कोणी एकाने निर्माण केले नाही ते विकावयाचे झाल्यास वाटेकरी कोण, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यांनी आपल्याआधी सोडवून दाखविला आहे.

ह्या वर्षी ऊस तुटल्यावर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो आणि आबांस सांगितले की, काडी लावू नका. त्यात लबाडी आहे, आणि तुमचे जे दुखले ते खोटे नव्हते. ते म्हणाले, "काडी काय मी लावणारच नव्हतो. पर तुमी काय म्हणताय ते बघायचं हुतं." बंधूंनी कागद अद्याप सही केलेला नव्हता. त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघे बसलो, कसणाऱ्यासही बोलावून घेतले, आणि तो मराठीतून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. दोन तास लागले. मुदत किती, पुराचे नुकसान कोणाकडे, पीक बदलता येईल काय, हे त्यात होते, पण आम्हांस तीन वेळा उलटसुलट वाचावे लागले. वाट्याने कसणाऱ्याचा उल्लेख कोठेच नव्हता. बंधू प्रथम गप्प राहिले. मग त्यांनीच प्रतिनिधीस फोन लावून विचारले की, निम्मी रक्कम परस्पर ह्याच्या खात्यावर जमा होईल काय. वरिष्ठांस विचारून कळवितो, असे उत्तर आले. हे लिहीपर्यंत त्यांच्याकडून काही कळलेले नाही.

पाचट मात्र अजून शेतात तसेच पडून आहे, कारण कागदाचा निकाल लागेपर्यंत जाळावयाचे नाही असे बंधूंनी ठरविले आहे. ते सरीत कसे दाबावे आणि बुडखे कोठवर छाटावेत हे कसणाऱ्यास दाखविण्यासाठी आबा रोज सकाळी बांध ओलांडून जातात.